ओ, यू, जी, एच आणि आजीचा डफ

नमस्कार श्रोतेहो.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या, नसेल तर तळहातावर बोटानं लिहा. चार इंग्रजी अक्षरं आहेत: ओ, यू, जी, एच. परत सांगतो. ओ... यू... जी... एच. यांच्या आधी एक घर रिकामं सोडा. झाला पाच अक्षरांचा शब्द. त्या रिकाम्या घरात आर टाकला की रफ. टी टाकला की टफ. सी टाकला की खोकला. त्याला साहेब कॉफ म्हणतो, आपण कफ म्हणतो, आणि आपल्याकडे कफ आधीपासूनच असल्यामुळे कोणाचं काही अडत नाही.

इथवर गाडी रुळावर आहे. पुढे डी येतो, आणि डी आला की मला आमची आजी आठवते.

आमचं घर नागपुरात, महाल भागात. मी सातवीत, दादा नववीत. मे महिना, बाहेर पारा 45च्या वर, त्यामुळे दुपारी उंबरा ओलांडायची बंदी. खिडकीत पत्र्याचा कूलर, आणि त्याच्यात दर तासाला बादलीभर पाणी ओतायची पाळी माझी. (एसीची हवा मला आजही सोसत नाही. भिजल्या वाळ्याचा वास नसेल तर तो उन्हाळा कसला?) तर अशा दुपारी काका आम्हाला पाच अक्षरांचा खेळ खेळवायचे. शेवटची चार अक्षरं ते देणार, पहिलं आम्ही शोधायचं, आणि शब्द मोठ्यानं वाचायचा. जिंकणाऱ्याला संध्याकाळी बर्फाचा गोळा, काला खट्टा.

त्या दिवशी हीच चार अक्षरं होती. रफ मी सांगितला, टफ दादानं, कफ दोघांनी एकदमच. काका म्हणाले, "आता आखरी. अर्थ तुमच्या आजीच्या हातात आहे."

आम्ही वळून पाहिलं. आजी खाली बसून परातीत कणीक मळत होती. कोपरापर्यंत पीठ, कपाळावरही थोडं. दादा ए पासून एकेक अक्षर लावून पाहत होता. डी वर थांबला आणि ओरडला, "डफ!"

काका म्हणाले, "शब्द बरोबर. वाचला चूक. डो."

"डो?"

"डो."

दादा उठूनच उभा राहिला. "रफचा रफ होते, टफचा टफ होते, मग डफचा डफ काऊन नाही होत?" काकांनी जाडजूड डिक्शनरी काढली, पान उघडून दाखवलं. दादा म्हणाला, पुस्तकात चूक आहे.

एवढा वेळ आजी गप्प होती. चौथी शिकलेली, इंग्रजी म्हणून तिला फक्त घड्याळातले आकडे. तिनं विचारलं, "किती अक्षरं आहेत रे त्याच्यात?" पाच, असं काका म्हणाले. "अन् बोलतोस तू दोनच. मग बाकीचे तीन काय कूलरपुढं झोपून राहिले का?"

काकांना उत्तर देता येईना. मग आजीनंच निकाल दिला: "ज्याच्या हाताला कणीक लागते, नाव त्यानं ठेवावं. डफ." गोळा दादाला मिळाला. काकांना दोन रुपयांचा फटका.

आता ती तीन अक्षरं झोपली कशी, ते थोडक्यात सांगतो. ती पूर्वी जागी होती. या जीएचचा जुन्या इंग्रजीत घशातून खरखरीत, आपल्या ख च्या जवळचा उच्चार होता. स्कॉटलंडमध्ये तळ्याला लॉख म्हणतात, त्यातला ख ऐका, तसाच. 1476 साली विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला. मग हळूहळू स्पेलिंगं छापील झाली, पक्की झाली, पण लोकांची जीभ काही छापखान्यात बसत नाही. तो ख काही शब्दांत फ झाला, काही शब्दांत पार विरून गेला. आणखी एक गंमत. हा डो आणि आपला संस्कृतातला देह, दोन्ही एकाच मुळातून निघालेत. मळणं, लिंपणं, असा त्या मुळाचा अर्थ. म्हणजे देहातला ह आणि डो मधला जीएच हे भाऊबंद. आजीला हे सांगायचं राहून गेलं.

त्या रिकाम्या घरात बी टाकून पाहिला? बाऊ. झाडाची फांदी. नाकावर पडल्यावर होतो तो बाऊ नव्हे.

मोबाइलवर वर्डल खेळणाऱ्यांनी इकडे कान द्या. जॉश वॉर्डल या गृहस्थानं 2021 साली लोकांपुढे आणलेला हा खेळ, पाच अक्षरांचा लपलेला शब्द आणि तो ओळखायला सहा संधी. यात ओ, यू, जी, एच ही चार घरं हिरवी झाली, म्हणजे अक्षरंही बरोबर आणि जागाही बरोबर, की माणूस खूश होतो आणि नेमका तिथंच फसतो. रफ, टफ, कफ, डो, बाऊ, एकेक करत संधी संपतात. तसं करू नका. एक संधी मुद्दाम वाया घालवा आणि बर्ड्स टाका. बी, आय, आर, डी, एस. त्यात बी, आर, डी तिन्ही एका फटक्यात तपासले जातात. तिन्हीतलं काहीच लागलं नाही, तर बहुतेक टी नाहीतर सी. पुन्हा सांगतो, बर्ड्स.

तर डफ. तेव्हापासून आमच्या घरात कणकेला डफच म्हणतात. पुढे दादाचं लग्न झालं. वहिनी पुण्याची. (तिकडे पोह्यांवर तर्री नसते. त्यावर मला एकदा अर्धा तास द्या, असं मी या केंद्राला कधीचं सांगतोय.) लग्नाला चार दिवस झाले असतील. आजी देवघरातून म्हणाली, "सूनबाई, फ्रिजातला डफ काढून ठेव न वं."

वहिनीनं फ्रिज उघडला, बंद केला. कपाटावर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर चढून गणपतीची आरास खाली काढली. मग दादाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्याकडे कोणी शाहीर होते का हो?"

आज स्टुडिओत यायला निघालो तर तीच वहिनी स्वयंपाकघरातून विचारते, "भाऊजी, डफ मळून ठेवलाय, तुमच्या किती टाकू?" मी चार सांगून आलोय. गार व्हायच्या आत पोचायला पाहिजे. नमस्कार.