हलक्या विमानाला किती फ्लॅप?

(दृश्य: चिपीचा सडा, पावसाने भिजलेली धावपट्टी)

परुळ्याजवळ, चिपीच्या सड्यावर ही २५०० मीटरची धावपट्टी. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी इथून प्रवासी सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२ विमानाने. एटीआरला उड्डाणाच्या वेळी फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली उतरणारी पट्टी) निवडावा लागत नाही. १५ अंश ठरलेले. एअरबस ए-३२० ला मात्र तीन पर्याय असतात: वन-प्लस-एफ, टू आणि थ्री. फ्लॅप अनुक्रमे १०, १५ आणि २० अंश.

समजा, ७८ टनांपर्यंत उडू शकणारं ए-३२० इथून ५६ टनांवर निघालंय. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, इंधन मुंबईपुरतं.

जास्त फ्लॅप म्हणजे कमी वेगात उचल आणि कमी धाव. पण हवेचा रोधही वाढतो, आणि एक इंजिन बंद पडलं तर चढण मंदावते. दोन इंजिनांच्या विमानाला त्या अवस्थेत, चाकं आत घेतल्यावर, किमान २.४ टक्के चढण जमलीच पाहिजे. भरलेल्या विमानात खरी ओढाताण इथे होते. हलक्या विमानाला ही अट जड जात नाही.

त्याची अडचण वेगळी आहे. वजन ७८ वरून ५६ टनांवर आलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल पुरत नाही तो, सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. व्ही-टू, म्हणजे एक इंजिन बंद पडल्यावर चढताना राखायचा सुरक्षित वेग, मात्र त्याच्यामागून हवा तितका उतरू शकत नाही. एका इंजिनावर विमान सरळ ठेवायला रडरला (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला) किमान वेग लागतो, हाच नियंत्रणवेग, आणि व्ही-टू त्याच्या १.१ पटीखाली नेता येत नाही. म्हणून फार हलक्या वजनाला फ्लॅप थ्रीचा फायदा बराचसा वाया जातो. त्यात कोकण समुद्रसपाटीला. इथल्या दाट हवेत इंजिन पूर्ण जोर देतं, आणि एक बंद पडलं तर दुसरं तितक्याच जोराने विमान वळवतं.

(दृश्य: धावपट्टीवर साचलेलं पाणी)

आषाढात हे जास्त बोचतं. व्ही-वन, म्हणजे ज्या वेगापर्यंत उड्डाण रद्द करून थांबता येतं तो, जमिनीवरच्या नियंत्रणवेगाखाली नेता येत नाही. आणि त्या वेगावरून थांबायला ओल्या धावपट्टीवर अंतर वाढतं. जोर कमी केला तर? फ्लेक्स पद्धतीत तो २५ टक्क्यांपर्यंत घटवता येतो, पण वैमानिक कधीही जोराचा लिव्हर पूर्ण पुढे ढकलू शकतो, म्हणून नियंत्रणवेग पूर्ण जोराचाच धरावा लागतो. शिवाय ३ मिलिमीटरहून जास्त पाणी साचलं असेल तर फ्लेक्स वापरायचाच नाही. डीरेट या दुसऱ्या पद्धतीत जोराची मर्यादाच खाली येते, म्हणून नियंत्रणवेगही उतरतो. ही सोय मात्र प्रत्येक विमानात नसते.

कोरड्या दिवशी तिन्ही पर्यायांचं गणित मांडायचं आणि सर्वांत जास्त फ्लेक्स तापमान (जोर घटवायला संगणकाला खऱ्याहून जास्त सांगितलेलं तापमान; ते जितकं जास्त, तितका जोर कमी) देणारा घ्यायचा. लांब धावपट्टीवर बहुतेकदा वन-प्लस-एफ जिंकतो. आकडे जवळजवळ सारखे आले तर आमचा कौल टूला: वेग कमी, टायरवर ताण कमी, आणि शेपूट जमिनीपासून जास्त वर. हलकं विमान झपाट्याने वेग घेतं; नाक सेकंदाला ३ अंशांहून घाईने उचललं तर शेपूट घासण्याचा धोका. उड्डाणानंतरही घाई असतेच. फ्लॅपची वेगमर्यादा वन-प्लस-एफला २१५ नॉट, टूला २००, थ्रीला १८५. थ्री निवडला तर ती सर्वांत आधी गाठली जाते.

(दृश्य: कॉकपिट, फ्लॅप लिव्हर)

२० ऑगस्ट २००८ ला माद्रिदमध्ये एक एमडी-८२ विमान फ्लॅप न उघडताच उडालं आणि कोसळलं. इशारा वाजला नाही. १५४ माणसं गेली. आणि इशारा वाजता असला तरी अनेक विमानांत तो फ्लॅप उड्डाणाच्या टप्प्यात आहेत का, एवढंच पाहतो. गणित टूचं आणि लिव्हर वनवर, हे त्याला कळत नाही. म्हणून दोघे वैमानिक आकडेमोड वेगवेगळी करतात, आणि टॅक्सी करण्याआधी लिव्हर, स्क्रीन आणि गणित एकमेकांशी ताडून मोठ्याने वाचतात.