डिझाइनचे महाविद्यालय पाहायला जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

मी परभणीत शाळेत चित्रकला शिकवतो. बारावीचा निकाल लागला की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळवलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील घरी येतात, एखाद्या खासगी डिझाइन महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपुस्तक समोर ठेवतात आणि विचारतात, “सर, पोराचा हात चांगला आहे, इथं घालावं का?” मी त्यांना चहा देतो, आणि थोडे वाईटही वाटते, कारण तोपर्यंत निम्मी दारे बंद झालेली असतात. आयआयटीसारख्या संस्थांच्या पदवी अभ्यासक्रमासाठी मुंबई आयआयटी घेते ती यूसीड परीक्षा जानेवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच भरावे लागतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, म्हणजे एनआयडीची, आणि निफ्टची, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची, प्रवेशपरीक्षाही निकालाची वाट पाहत नाही. जून उजाडल्यावर जागे होणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा जागा शिल्लक असलेल्या संस्थाच येतात. त्यांतल्या काही खरोखर चांगल्या असतात, काही मात्र माहितीपुस्तकापुरत्याच असतात, आणि हा फरक घरबसल्या कळत नाही.

कागदपत्रांचे आधी सांगतो. हाती पडणारी पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, आणि ‘पदवी’ म्हणून सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र तर नाही ना, हे लेखी विचारावे. एनआयडी १९६१ साली सुरू झाली आणि २०१४ च्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार मिळेपर्यंत ती पदविकाच देत होती. त्या पदविकेचा मान कुणी कमी केला नाही. पण एनआयडीचे हे उदाहरण देऊन कालपरवा उघडलेली संस्था आपले प्रमाणपत्र खपवू लागली, तर तिथून निघावे हे बरे.

खरी परीक्षा कार्यशाळेत होते. गेल्या वर्षी भाचीसाठी मी दोन महाविद्यालये पाहिली. पहिल्या ठिकाणी आम्हाला वातानुकूलित सभागृह आणि उपाहारगृह अगत्याने दाखवण्यात आले. कार्यशाळा पाहायची म्हटल्यावर मात्र किल्ली शोधण्यात वीस मिनिटे गेली. आत लाकूडकामाचा लेथ होता, पण त्यावर कंपनीचे प्लॅस्टिक तसेच होते, थ्रीडी प्रिंटरवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती, आणि फरशीवर भुशाचा कण नव्हता. एवढी स्वच्छ सुतारशाळा मी जन्मात पाहिली नव्हती.

दुसऱ्या महाविद्यालयाची इमारत जुनी होती आणि भिंतींचे पोपडे निघालेले होते. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतानाही कार्यशाळेत जागा नव्हती. एक वयस्क सुतार एका मुलीला पटाशी धरण्याची पद्धत दाखवत होते, आणि कोपऱ्यात मोडक्या नमुन्यांचा ढीग पडला होता. जालन्याकडचा एक तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी झोळी तयार करत होता. पहिल्या नमुन्याचा सगळा भार मानेवर येत होता, दुसरा वाकताना कमरेवरून घसरत होता, आणि तिसऱ्याला खांद्यावरून पट्टे व कापूस ओतायला खालून तोंड होते. पहिली झोळी अंगावर चढवून त्याच्या गावातल्या बायका किती हसल्या हे तो स्वतःहून सांगत होता. भाचीने ते तीनही नमुने हातात घेऊन पाहिले, आणि परतीच्या गाडीत ती त्यांच्याविषयीच बोलत होती.

म्हणून मी सांगतो की प्रदर्शनातली पूर्ण झालेली कामे पाहून झाली की विद्यार्थ्यांकडे फसलेले नमुने मागावेत. ते दाखवायला कुणाकडे काहीच नसेल तर तिथे संगणकावरची चित्रेच तयार होत असावीत, असा माझा तरी अंदाज आहे. सत्राच्या शेवटी ज्युरी असते, म्हणजे विद्यार्थी आपले काम परीक्षकांसमोर मांडतो. त्या वेळी बाहेरचे व्यावसायिक येतात का, आणि आपल्याला मागे बसून ऐकता येईल का, हे विचारायला लाजू नये.

शिक्षकांशी बोलताना मी तांब्याचा विषय काढतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला, आणि ज्यातून पुढे एनआयडी उभी राहिली, त्यात आपल्या साध्या लोट्याचे मोठे कौतुक आहे: हातात कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, धार कशी पडते, आतून घासता येतो का, अशा कितीतरी प्रश्नांची उत्तरे पिढ्यांनी त्या आकारात मुरवली आहेत. “हा तांब्या तुम्ही पहिल्या वर्षाला कसा शिकवाल?” असे विचारल्यावर जो शिक्षक खुर्ची पुढे ओढतो, त्याच्या हाती पोर द्यायला माझी हरकत नसते. पैठणी आणि हिमरू यांच्या प्रदेशातून आलेल्या मुलांना असा शिक्षक मिळाला, तर त्यांना शिकण्यासारखे घरातच पुष्कळ सापडते.

शाखेविषयीही विचारावे. वस्त्र, उत्पादन, दृक्संवाद यांपैकी एक शाखा अठराव्या वर्षी प्रवेश घेतानाच पक्की करावी लागते, की पायाभूत वर्ष संपल्यावर निवडता येते? एकाच विषयाला वाहिलेल्या महाविद्यालयात मन बदलायला जागा कमी असते.

खर्चाचा हिशेब फीच्या आकड्यावर थांबवू नये. चार वर्षांत लॅपटॉप, साहित्य, छपाई, वसतिगृह आणि अभ्याससहली यांचा खर्च वाढतच जातो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या शुल्कसवलती सहसा मिळत नाहीत, हे पावती फाडण्याआधी कार्यालयात विचारून घ्यावे.

आणि हे सारे पाहायला सुट्टीत जाऊ नये, कारण रिकामी इमारत काही सांगत नाही. मुलगा अकरावीत असतानाच, सत्र चालू असताना जावे. परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलात की सकाळी मुंबईत असता. दुपारी चारनंतर, वर्ग सुटल्यावर, कार्यशाळेच्या दारात उभे राहावे आणि आत किती जण आहेत ते मोजावे.