दसरा ते दिवाळी: कपाट उपसण्याचे दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

नवरात्र जवळ आले की आपल्याकडे घरे झाडली जातात, जळमटे काढली जातात, डबे-भांडी घासून उन्हात पालथी पडतात. एवढे सगळे होत असताना झोपण्याच्या खोलीतले कपड्यांचे कपाट मात्र दार लोटून तसेच ठेवले जाते, कारण त्याला हात लावला तर दिवस पुरणार नाही अशी धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. आज मला या कपाटाविषयीच बोलायचे आहे. कपाट लावायचे म्हणजे जास्तीत जास्त कपडे कमीत कमी जागेत बसवायचे, असा समज सर्वत्र आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. आपल्या हवेत कपडा टिकायचा असेल तर कपाटात मोकळी जागा हवी, आणि कपाट लावण्याचे सारे काम ती जागा निर्माण करण्यासाठी असावे.

याचे कारण आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ती ७० टक्क्यांच्या पुढे सतत राहिली की कापडावर, चामड्यावर आणि लाकडावर बुरशी धरू लागते. कोंबून भरलेल्या कपाटात हवा फिरत नाही. चळतींच्या मध्यभागी शिरलेला दमटपणा तिथेच राहतो आणि गौरी-गणपतीला साडी काढायला जावे तर घडीवर पांढुरके ठिपके दिसतात. म्हणूनच हे मोठे काम घटस्थापनेच्या आधी घाईने उरकण्यापेक्षा दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत करावे असे मला वाटते. ऑक्टोबरच्या त्या दिवसांत पाऊस बहुधा परतलेला असतो, ऊन कडक असते आणि हवा कोरडी होऊ लागलेली असते. त्या वेळी बाहेर काढलेला कपडा खरोखर सुकून आत जातो.

एका दिवशी एकच कपाट घ्यावे, पण ते पूर्ण रिकामे करावे. एकेक खण आवरत गेले की या खणातले त्या खणात सरकते आणि एकूण भार तेवढाच राहतो. पलंगावर जुनी चादर अंथरून सगळे कपडे तिच्यावर काढले की मग कोणाचे काय, किती आणि कशासाठी आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते. कपाट कोरड्या फडक्याने पुसून, दारे सताड उघडी ठेवून दुपारपर्यंत तसेच राहू द्यावे. खणांत वर्तमानपत्र अंथरण्याची आपली जुनी सवय मात्र सोडलेली बरी. त्याची शाई फिकट कपड्यांना लागते, कागद ओल धरतो आणि कसर तर कागदावरच पोसली जाते. धुऊन मऊ झालेल्या सुती चादरीचे तुकडे त्या जागी उत्तम.

आता त्या ढिगाऱ्याकडे वळू. त्यातला मोठा भाग आपण विकत घेतलेलाही नसतो. आपल्याकडे लग्नमुंजीत, बारशाला, डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला कापड दिले-घेतले जाते. ब्लाउजपीस, खण, टॉवेल-टोपी, उपरणी, आहेराच्या साड्या हे सारे मानाने आलेले असते, त्यामुळे ते टाकवत नाही आणि वापरातही येत नाही. कित्येक घरांत एक अख्खा खण या कापडांनी अडवलेला मी पाहिला आहे. या वस्तूंना एकच पेटी द्यावी, ती पलंगाखाली किंवा माळ्यावर जाऊ द्यावी, आणि प्रत्येक कापडाला कोणाकडून व कोणत्या प्रसंगी आले याची चिठ्ठी टाचणीने न लावता दोऱ्याने बांधावी, कारण टाचणी गंजते आणि तिचा डाग निघत नाही. चिठ्ठी असली की कापड ज्या घरातून आले त्याच घरी परत जाण्याचा अवघड प्रसंग टळतो. पेटी भरली की नवे ठेवण्यापूर्वी जुने कोणाला तरी द्यायचे, एवढा नियम घरातल्या सर्वांनी मान्य करावा.

उरलेल्या कपड्यांचे रोजचे, बाहेरचे आणि ठेवणीतले असे तीन गट आपोआप पडतात. पहिल्या दोन गटांतल्या प्रत्येक कपड्यासाठी एकच प्रश्न विचारावा: गेल्या दिवाळीपासून हा अंगावर चढला का? जो चढला नाही, तो पुन्हा आत ठेवण्यासाठी सबळ कारण हवे. बारीक झाल्यावर घालू, हे कारण मी तरी सबळ धरणार नाही. ठेवणीतल्या कपड्यांना हा प्रश्न लागू नाही. आजीची नऊवारी, लग्नातला शालू, पूजेचे सोवळे यांचे मोल वापरावर ठरत नाही. तेव्हा घरातल्या कोणीही दुसऱ्याच्या अशा वस्तूचा निर्णय परस्पर घेऊ नये.

या ठेवणीतल्या कपड्यांनाच सर्वांत जास्त काळजी लागते. कपडे खाणारी कसर म्हणजे बारीक किड्यांच्या अळ्या असतात. लोकर आणि रेशीम हे त्यांचे अन्न, आणि घामाचे किंवा जेवणाचे डाग असले तर ते कापड त्या आधी खातात. चंदेरी रंगाची जी चपळ कसर असते ती खळीच्या सुती कपड्यांवर येते, म्हणून कांजी केलेली साडी वर्षभर ठेवायची असेल तर खळ धुऊन काढावी. दोन तास नेसलेली साडी स्वच्छच आहे असे समजून घडी घालून आत सारू नये. ती आधी सावलीत, वाऱ्यावर पसरावी. रेशमाला थेट उन्हात घालू नये, रंग उडतो.

जरीचे शास्त्र थोडे वेगळे आहे. खऱ्या जरीच्या तारेत चांदी असते आणि गंधकाच्या संपर्काने चांदी काळवंडते. गंधक रबरात असते, लोकरीतही असते, म्हणून पैठणीच्या घडीला रबरबँड लावू नये आणि तिच्याशेजारी शाली-स्वेटर ठेवू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत प्रत्येक साडी वेगळी गुंडाळावी आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या ठिकाणी घालावी, कारण वर्षानुवर्षे एकाच रेषेत दुमडलेले रेशीम त्याच रेषेवर चिरते. जड काठपदराची साडी हँगरवर कायमची टांगली तर काठाच्या वजनाने ताणली जाते; तिला खणातच झोपवावे.

डांबरगोळ्यांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. त्या कापडाला टेकवून ठेवू नयेत, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात, आणि त्यांच्यासोबत कापूर ठेवू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विरघळून तेलकट द्रव होतो व त्याचे डाग पडतात. तान्ह्या बाळाचे कपडे, दुपटी, झबली तर डांबरगोळ्यांच्या कपाटात मुळीच ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचे एक विकर जन्मतः कमी असते. अशा बाळाला या गोळ्यांच्या नुसत्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. एका बाळाचे कपडे पुढच्या बाळासाठी जपून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून हे पुन्हा सांगते. त्या कपड्यांत वेखंडाचे तुकडे किंवा खडखडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत घालून ठेवावा, आणि बाळाला घालण्यापूर्वी ते धुऊन उन्हात वाळवावेत.

कपडे परत लावताना मापे पाहावीत. साधारण हँगर १६ ते १७ इंच रुंद असतो आणि कपडा दाराला घासू नये म्हणून कपाटाची आतली खोली २२ इंचांच्या आसपास लागते. अरुंद लोखंडी कपाटात म्हणूनच कपडे तिरके लटकतात. तिथे टांगण्याचा हट्ट सोडून घडीच्या कपड्यांनाच जागा द्यावी. चळत फूटभरापेक्षा उंच करू नये, नाहीतर तळचा कपडा ओढताना सगळी कोसळते. रोजचे कपडे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत हवेत. घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांचे काहीही स्टुलावर चढून किंवा खाली वाकून काढावे लागू नये. प्रत्येक खणात वर आणि बाजूला थोडी जागा रिकामी सोडावी आणि ती रिकामी दिसते म्हणून नंतर भरू नये.

बाहेर काढलेले कपडे त्याच आठवड्यात घराबाहेर जावेत, कारण दारामागे ठेवलेले गाठोडे हळूहळू पुन्हा कपाटात शिरते. मऊ सुती साड्या गोधडीला द्याव्यात. गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून अनेक गावांत आणि शहरांतही आहेत, त्यांच्या हाताला काम मिळते. बोहारणीला देताना भांड्याची घासाघीस फार करू नये. डोक्यावर बोचके घेऊन जिने चढण्याचे कष्ट तिचे असतात. १९९९ पासून काम करणारी गूंज ही संस्था स्वच्छ, घालण्याजोगे कपडे स्वीकारून गरजू वस्त्यांपर्यंत पोहोचवते आणि जीर्ण सुती कापडापासून पाळीसाठीच्या घड्याही तयार करते. फाटके, मळके कपडे मात्र कोणालाही दान म्हणून देऊ नयेत.

पुढच्या पावसाळ्यासाठी एवढेच करावे: कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर मागे दोन इंच जागा सोडावी, ओलसर कपडा आत ठेवू नये, आणि आषाढ लागताच ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे तळाशी ठेवावेत. हा डबा आडवा होऊ देऊ नये, त्यात साठलेले खारट पाणी कापडावर व चामड्यावर सांडू देऊ नये, मुलांच्या हाताला लागू देऊ नये. तो दर पंधरा दिवसांनी पाहावा आणि भरला की मोरीत ओतून, नळ सोडून, नवा ठेवावा.

नमस्कार.