गरुडांवर बसून का नाही गेले?

[पडदा काळा. आधी फक्त आवाज.]

फँटसीचं वेड असलेली दोन माणसं एका खोलीत बसवा आणि गप्प राहा, अर्ध्या तासात गरुड निघतातच.

म्हणजे बघा ना, टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत ती दुष्ट अंगठी नष्ट करायला शेवटी ज्वालामुखीतच टाकायची होती, आणि टाकून झाल्यावर महाकाय गरुड येऊन ती टाकायला गेलेल्या फ्रोडो आणि सॅमला उचलून नेतात, अगदी अलगद, मग हेच गरुड सुरुवातीला का नाही बोलावले? एवढी पायपीट, एवढी माणसं मेली, ती कशासाठी? आणि हे विचारलं रे विचारलं की समोरचा सरसावून बसतो. अरे अंगठीचा मालक सॉरॉन, त्याची नजर आहे ना चारी दिशांना, लांबूनच दिसले असते. त्याचे चाकर नाझगुलसुद्धा उडतात, विसरलास काय. आणि गरुड म्हणजे टॅक्सी नाही हात केला की थांबायला, त्यांचा स्वतःचा मान आहे, स्वतःचा राजा आहे. मग पहिला म्हणतो, बरं, अर्ध्या वाटेपर्यंत तरी? आणि रात्र संपते.

गंमत म्हणजे ही भानगड टोल्किन यांना स्वतःला पक्की ठाऊक होती. कादंबरी आली 1954-55 मध्ये. 1958 साली तिच्यावर सिनेमा काढायचा म्हणून लिहिलेला एक आराखडा त्यांच्या हातात पडला, त्यात जिथे अडेल तिथे गरुड. ते जाम वैतागले. पत्रात त्यांनी जे लिहिलंय त्याचा अर्थ साधारण असा की गरुड ही धोक्याची वस्तू आहे, मी ती जपून वापरलीय, आणि याच्यापुढे ताणली तर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणजे लेखकालाच माहीत होतं की इथे कापड विरलंय, जोर दिला की टरकन फाटेल.

[दृश्य: जुन्या पुस्तकाची पानं, हाताने उलटली जातायत.]

आता सगळीच भोकं सारखी नसतात, हे आधी सांगायला हवं, कारण लोक कशालाही प्लॉट होल, म्हणजे गोष्टीतलं भोक, म्हणतात. काही निव्वळ चुका असतात. हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकात, 2000 सालच्या, खलनायक व्होल्डेमॉर्टच्या जादूच्या कांडीतून त्याने मारलेल्या लोकांच्या सावल्या उलट क्रमाने बाहेर येतात, म्हणजे शेवटी मेलेला आधी. हॅरीचे बाबा आधी मेले, आई नंतर, मग आई आधी बाहेर यायला हवी. सुरुवातीच्या छापील प्रतींत बाबा आधी आले! झालं, लोकांनी थिअऱ्यांचे डोंगर उभे केले, यात काहीतरी गुपित आहे म्हणे. गुपित कसलं, चूक होती, पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्त केली, विषय संपला. खरी चूक सापडली की भांडण मरतं, हे मी बरेचदा पाहिलंय. गेम ऑफ थ्रोन्स या टीव्ही मालिकेच्या शेवटच्या सीझनमध्ये टेबलावर कॉफीचा कागदी कप राहिला होता, त्यावर जग हसलं, नंतर तो पुसून टाकला, आज त्यावरून कोण वाद घालतं?

वाद होतो तो जिथे उत्तर असू शकतं तिथे. हॅरी पॉटरमधल्या मरॉडर्स मॅप या जादूच्या नकाशाचंच घ्या. नकाशावर शाळेतल्या प्रत्येक माणसाचं नाव दिसतं, रूप बदललेलं असलं तरी दिसतं, तो नकाशा फ्रेड आणि जॉर्ज या भावांकडे कित्येक वर्षं, मग आपला धाकटा भाऊ रॉन रोज रात्री पीटर पेटिग्रू नावाच्या कोणाबरोबर, म्हणजे उंदराचं रूप घेतलेल्या माणसाबरोबर, झोपतो हे त्यांना कसं नाही दिसलं? मला विचाराल तर हे भोकच नाही. शेकडो ठिपके सरकतायत त्या कागदावर, ही पोरं बघणार कुठे मास्तर येतोय आणि कुठून पळायचं ते, भावाची खोली कोण बघत बसतं. टाइम टर्नरचं मात्र मी कधीच पचवलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला जास्तीचे तास करता यावेत म्हणून काळ मागे फिरवायचं यंत्र दिलं, आणि नंतर एवढी माणसं मेली तर कोणाच्या डोक्यात येत नाही? पाचव्या पुस्तकात मारामारीत ते सगळे एकदम फुटून जातात. ठिगळ लावलं, ठीक, पण ठिगळाचा रंग जुळला नाही.

आणि सगळ्यात भारी ठिगळ कुठलं ते सांगतो. परत टोल्किनच. 'द हॉबिट' आलं 1937 मध्ये, तेव्हा त्यात गुहेत राहणारा गोलम नायक बिल्बोबरोबरच्या कोड्यांच्या खेळात अंगठी चक्क बक्षीस म्हणून लावतो, हरतो, ती सापडत नाही म्हणून बिल्बोची माफी मागतो आणि त्याला वाट दाखवतो. किती सज्जन! पण पुढच्या कादंबरीत ही अंगठी माणसाला गिळून टाकणारी झाली, जिच्यासाठी गोलम वेडा झाला, तो ती पैजेवर लावेल? शक्यच नाही. म्हणून 1951 च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. इथपर्यंत कोणीही केलं असतं. पण त्यांनी जुनी गोष्ट फेकली नाही, ते म्हणाले, पहिली हकीकत बिल्बोने सांगितलेली थाप होती, अंगठीवर आपला हक्क दाखवायला मारलेली. म्हणजे अंगठी हातात आल्या आल्या सरळ माणूस खोटं बोलायला लागला. चुकीचाच पुरावा करून टाकला, याला म्हणतात डोकं.

[थोडा वेळ शांतता. मग घंटेचा आवाज, लांबून.]

या वादात एक गोम आहे, ती कळायला मला बराच वेळ लागला. शेरलॉक होम्सचे जुने भक्त यात आपले आजोबा. डॉक्टर वॉटसनला लढाईत गोळी लागली ती 1887 च्या पहिल्या कादंबरीत खांद्याला, 1890 च्या दुसरीत पायाला. यावर एक म्हणणार, दोन गोळ्या लागल्या असतील, किंवा वॉटसन काहीतरी लपवतोय. दुसरा म्हणणार, अहो, लेखक डॉइल विसरले. पहिला गोष्टीच्या आत उभा आहे, दुसरा लेखकाच्या टेबलाशी, आणि दोघं एकमेकांना मूर्ख समजतायत. आपली निम्मी भांडणं हीच असतात.

म्हणूनच 2019 मध्ये लोक एवढे पेटले. गेम ऑफ थ्रोन्स, आठ सीझन, 73 एपिसोड. लोकांनी बरंच काही पोटात घातलं होतं, तेही सांगायला हवं. सातव्या सीझनमध्ये उत्तरेकडच्या प्रचंड भिंतीपलीकडे सगळे अडकलेत, तिथून एक जण धावत जातो, कावळा उडतो, निरोप पोचतो, ड्रॅगन येतो, अंतराचं गणित कोणी कागदावर मांडलं तर हसू येईल, पण लोक कुरकुरले आणि पुढे गेले. कावळा वेगाने उडाला, उडू दे.

पण आठव्याच्या चौथ्या भागात शत्रूच्या बाजूच्या युरॉनची जहाजं अचानक समोर येतात आणि एक ड्रॅगन मरतो. ड्रॅगनवर बसून आकाशातून बघणाऱ्या बाईला, डेनेरिस राणीला, समुद्रात अख्खं आरमार दिसत नाही. आणि त्यावर शोच्या कर्त्यांपैकी एक, डेव्हिड बेनिऑफ, कॅमेऱ्यासमोर सांगतो की डॅनीला, म्हणजे डेनेरिसला, आयर्न फ्लीटचा, म्हणजे याच आरमाराचा, जरा विसरच पडला होता. विसर! त्याच भागात आधी बैठकीत तिच्यासमोर त्या आरमाराचा विषय निघालेला. इथे लोकांचं टाळकं सटकलं, कारण हे ना आतलं उत्तर ना टेबलाचं, विसरला लेखक आणि बिल फाडलं पात्राच्या नावावर.

पुढचा भाग 12 मे 2019 चा. राजधानीचं शहर शरण आलंय, सैनिकांनी तलवारी टाकल्यात, घंटा वाजतायत, आणि डेनेरिस ड्रॅगनवर बसून भिंतीवर थांबलीय, समोर लांब राजवाडा. तिने जिंकलंय. आणि ती उडते आणि गल्ल्या जाळायला लागते.

एक बाजू म्हणते, आधीपासून दिसत होतं की. कार्थ शहराच्या वेशीवर शहरं जाळीन म्हणाली होती, मीरीन शहरात मारलेल्या 163 गुलाम मुलांच्या बदल्यात गुलामांच्या 163 मालकांना खिळे ठोकून टांगलं, शरण न येणाऱ्या टार्ली सरदाराला आणि त्याच्या पोराला जिवंत जाळलं, तुम्ही तेव्हा टाळ्या वाजवत होतात. हे खरंय, मीही वाजवल्या. दुसरी बाजू म्हणते, हीच ती ना जिच्यापुढे एका बापाने फडक्यात गुंडाळून ड्रॅगनने जाळलेल्या आपल्या लेकीची हाडं ठेवली, आणि तिने स्वतःच्या दोन ड्रॅगनना तळघरात साखळ्या घातल्या, रडत रडत? एका लेकरासाठी? तिने मारलेले सगळे कोणी ना कोणी गुन्हेगार होते, तिच्या हिशोबात तरी. गल्लीतली बाई कुठल्या हिशोबात बसते? 10 लाखांच्या वर लोकांनी सीझन परत बनवा म्हणून सह्या केल्या, तो आचरटपणाच होता, पण राग कुठून आला ते कळतं.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ती जाळू शकते, मला शंका नाही. पण ज्या क्षणी ती ठरवते त्यानंतर कॅमेरा खाली उतरतो, रस्त्यावर, धुरात, पळणाऱ्या माणसांत, आणि त्या भागात तिचा चेहरा परत दिसत नाही. नेमका तेव्हाच! दिग्दर्शनाच्या अंगाने ते जबरदस्त आहे, खालून ड्रॅगन म्हणजे फक्त सावली आणि आग, पण उत्तर तिच्या चेहऱ्यावर होतं आणि ते घेऊन ती वर निघून गेली. मालिका ज्यांवरून निघाली त्या पुस्तकांत काय होईल म्हणावं तर पाचवं आलं 2011 मध्ये, सहाव्याची वाट बघणं चालूच आहे.

[दृश्य: अंधारी खोली, टीव्हीचा उजेड, दोन माणसांच्या पाठी.]

परवा मित्राबरोबर तो भाग परत लावला आणि घंटांपाशी थांबवला. तो म्हणाला, बघ, इथे ती मोडलीय. मी म्हटलं, मोडली नाहीये, भडकलीय, ओठ बघ. तो म्हणाला, ओठ काय बघायचेत, डोळे बघ ना. दहा सेकंद मागे घेतलं. परत घंटा.