जुनी गाडी सातासमुद्रापार: बोट पोचते, अडकतो तो नंबर

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय ते जीव लावलेली जुनी गाडी बोटीने परदेशी पाठवण्याबद्दल. धास्ती सगळ्यांना समुद्राची असते. माझ्या मते खरी काळजी बंदरावरच्या तपासणीची करायला हवी, आणि तिची तयारी सुरू होते बॉनेटखाली.

(कॅमेरा बॉनेटखाली)

ही चेसिस नंबरची पाटी बघा. रंगाचे दोन-तीन थर चढलेत. हा आकडा ३ आहे की ८? मला टॉर्च मारूनही कळत नाहीये, मग कस्टम अधिकाऱ्याला कसा कळणार? इथे पॉलिशपेपर अजिबात लावू नका. ओरखडे दिसले की नंबर खाडाखोड केल्याचा संशय येतो. रिव्हेटलाही हात लावायचा नाही. फडक्याला थोडं थिनर लावून हळूहळू पुसा, फोटो काढा आणि मग तो नंबर नोंदणीचा कागद, खरेदीची पावती, विमा आणि बिल ऑफ लेडिंग (म्हणजे बोट कंपनीने माल घेतल्याची पावती) या सगळ्यांवर अक्षर न् अक्षर जुळवा. मधे कधी इंजिन बदललं असेल तर ते स्वतःहून लिहून द्या.

दुसरी गोष्ट वयाची. युरोपीय महासंघात ३० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली आणि उत्पादन थांबलेली गाडी कस्टमच्या शुल्कयादीत ९७०५ या शीर्षकाखाली, म्हणजे संग्राह्य वस्तू म्हणून आणता येते. तिथे आयातशुल्क शून्य. तीच गाडी त्याच यादीतल्या ८७०३ मध्ये गेली की साधी मोटार ठरते आणि शुल्क लागतं. अमेरिकेत २५ वर्षं झाली की सुरक्षेच्या मानकांतून सूट मिळते, पण ती वर्षं उत्पादनाच्या महिन्यापासून मोजतात. कागदावर नुसतं साल असेल तर उत्पादक कंपनीकडून गाडीचा जन्मदाखला मागवा. बऱ्याच जुन्या कंपन्या असा दाखला देतात.

ऑस्ट्रेलियाला पाठवताय? मग ब्रेक लायनर, क्लच प्लेट, गॅस्केट, सगळं तपासून घ्या. ३१ डिसेंबर २००३ पासून तिथे ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे आणि जुन्या गाड्यांत ते हमखास सापडतं. मडगार्डच्या आतली वाळलेली मातीही तिथे चालत नाही, एखादं बी त्यात असू शकतं म्हणून.

फक्त रॅलीपुरती नेऊन परत आणायची असेल तर कार्नेट काढा, म्हणजे शुल्क न भरता गाडी तात्पुरती नेण्याचा कस्टमचा कागद. देश सोडताना शिक्का विसरलात, तर गाडी तिथेच राहिली असं धरून शुल्क मागतात.

आता कंटेनर. त्याचं दार जेमतेम २.३ मीटर रुंद. गाडी आत गेली की चालकाला स्वतःचं दार उघडायला जागाच उरत नाही, म्हणून काच आधीच खाली करून ठेवा. पट्टे चाकांना बांधायला सांगा. टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल आणि बॅटरीची वायर काढलेली. डिकीत घरचं सामान भरायचा मोह होतो, मलाही होतो, पण जाहीर न केलेली एक पेटी सगळी गाडी अडकवते.

विम्यात गाडीची ठरलेली किंमत लिहून घ्या, बाजारभाव नको. आणि ‘जनरल ॲव्हरेज’ त्यात आहे ना, हे विचारा. बोट वाचवायला झालेला खर्च बोटीच्या आणि मालाच्या सगळ्या मालकांत वाटून घेण्याचा हा जुना नियम आहे. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात रुतलेल्या एव्हर गिव्हन या जहाजाच्या वेळी तो लागू झाला होता. विमा नसलेल्याला आपला वाटा हमीपोटी भरल्याशिवाय माल मिळत नाही.

गाडी ताब्यात घेताना सही करायची घाई नको. निघतानाचे फोटो समोर धरा, गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा, ओरखडा दिसला तर पावतीवरच लिहा. मग बॅटरीची वायर जोडा. आधी ब्रेक दाबून बघा, पॅडल घट्ट लागतंय ना, आणि मगच चावी फिरवा.