डमरूच्या आकाराचे हायड्रोसील

पडद्यावरच्या सोनोग्राफीत दोन काळ्या पोकळ्या दिसत आहेत. खालची अंडकोशात आहे, वरची पोटात. दोन्हींतले पाणी एकच असून ते जांघेतल्या अरुंद वाटेने जोडलेले आहे, त्यामुळे संपूर्ण पिशवीला डमरूचा आकार आला आहे. हा हायड्रोसीलचा, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठून येणाऱ्या सुजेचा, एक दुर्मिळ प्रकार आहे.

साध्या हायड्रोसीलमध्ये पाणी वृषणाभोवतीच्या आवरणात साठते आणि सूज अंडकोशापुरतीच राहते. तान्ह्या बाळांमध्ये ते बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप जिरते. या दुर्मिळ प्रकारात मात्र पिशवी जांघेतून वर सरकून पोटात वाढते. फ्रेंच शल्यविशारद द्युपुइत्राँ यांनी १८३४ मध्ये त्याचे वर्णन केले. अंडकोशातला दाब पोटातल्या दाबापेक्षा वाढला की पाणी वर वाट काढते, असे एक स्पष्टीकरण आहे. जोडमार्गातील पडदा झडपेसारखा वागून पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, असे दुसरे. कोणतेही पूर्णपणे सिद्ध झालेले नाही.

निदानाची पहिली खूण हातालाच कळते. अंडकोशावरची सूज हलकेच दाबली की पोटातली गाठ फुगते आणि हात काढताच खालची सूज पुन्हा भरते. म्हणूनच अंडकोशाची सूज कितीही साधी वाटली, तरी तपासणाऱ्याने पोटावर हात ठेवलाच पाहिजे, असे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. अन्यथा ही सूज हर्नियाची समजली जाऊ शकते आणि पोटातला मोठा भाग नजरेतून सुटतो. खात्रीसाठी सोनोग्राफी बहुतेक वेळा पुरेशी ठरते. शंका उरल्यास एमआरआय करतात.

पोटातली पिशवी मोठी झाली की शेजारच्या अवयवांची जागा व्यापते. मूत्रवाहिनी दाबली गेल्यास त्या बाजूच्या मूत्रपिंडाला सूज येते, शिरा दाबल्या गेल्यास पाय सुजतो आणि सततच्या दाबाखाली वृषण चपटे, लांबट होऊ शकते. वृषणाचा हा बदल आम्हाला सर्वांत चिंतेचा वाटतो, कारण बाळ रडत नाही, ताप येत नाही आणि तो बाहेरून ओळखूही येत नाही.

काही तान्ह्या बाळांमध्ये ही पिशवी आपोआप आटल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे लहान आणि त्रास न देणाऱ्या पिशवीवर नियमित सोनोग्राफीने लक्ष ठेवता येते. ती वाढत असेल किंवा मूत्रपिंडावर दाब येत असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. ती जांघेतून, अंडकोशातून किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने करतात. पिशवी वृषणाच्या रक्तवाहिन्यांना आणि शुक्रवाहिनीला चिकटलेली असल्याने ती अतिशय जपून सोडवावी लागते. दाब हटल्यानंतर काही बाळांमध्ये लांबट झालेले वृषण पुन्हा मूळ आकाराकडे येते.