सावलीचा हिशेब आधी

मंडळी, भर दुपारी इंदूरच्या राजवाड्यासमोर कॅमेरा घेऊन उभे राहा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी आणि समोर माळव्याचं कडक ऊन. दरवाजाच्या आत मात्र इतकी गडद सावली की तिथे बसलेला माणूस चटकन दिसतही नाही. फिल्मवर एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, शिकायला इंदुरात याहून चांगली जागा मला सुचत नाही.

आकड्यांचा भाग झटकन उरकतो. अपर्चर (लेन्समधलं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि फिल्मचा स्पीड (ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे), तिन्हींचं माप एकच: स्टॉप. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. एफ ८ वरून एफ ५.६ वर आलात की उजेड दुप्पट; शटर १/६० वरून १/१२५ वर नेलंत की पुन्हा निम्मा. स्वच्छ उन्हात अपर्चर एफ १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या स्पीडजवळचं, म्हणजे ४०० च्या रोलला १/५००. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत साधारण तीन स्टॉप उघडायचे. एवढ्यावर मीटरशिवायही, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्राशिवायही, काम निभतं. जुन्या काळचे नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास याच इंदुरात फोटोग्राफी सुरू केली, तेव्हा काचेच्या प्लेटा होत्या आणि प्रकाशाचा अंदाज नजरेनेच घ्यावा लागे.

आता खरा मुद्दा. कॅमेऱ्यातलं मीटर समोरून परत येणारा प्रकाश मोजतं. समोर पांढरंशुभ्र धोतर आहे की काळा कोट, हे त्याला कळत नाही. जे दिसेल ते मधल्या करड्या छटेचं असं धरून ते आकडा सांगतं. म्हणून ते ऐकाल तर धोतर मळकट येतं आणि कोट फिका. मीटर बिघडलेलं नसतं. फोटोतला कोणता भाग किती गडद हवा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते ठरवायचं आपण.

निगेटिव्ह फिल्मवर, म्हणजे जिच्यावर उजेड-अंधार उलटे उमटतात आणि प्रिंट काढावी लागते तिच्यावर, मी सावलीपासून सुरुवात करतो. दरवाजाच्या आतल्या अंधारावर मीटर धरा. समजा १/६० ला एफ ८ आलं. तसंच घेतलंत तर अंधार करडा होईल, आणि आपल्याला तर तो अंधारच हवा आहे, फक्त आतल्या माणसाचा चेहरा ओळखू यावा इतका तपशील राखून. म्हणून दोन स्टॉप बंद करायचे: १/६० ला एफ १६. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या आसपास बसवलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना एकेका स्टॉपच्या पायऱ्या, म्हणजे झोन, असतात; मधली करडी छटा पाचवी. दोन पायऱ्या खाली येण्याला तिथे सावली तिसऱ्या झोनवर ठेवणं म्हणतात. ४०० च्या रोलवर उन्हाला एफ १६ ला १/५०० पुरलं असतं; आपण १/६० दिलं, म्हणजे बाहेरच्या उन्हाला तीन स्टॉप जास्त मिळाले. घाबरू नका. निगेटिव्हवर उजळ भाग दाट होतात, पण त्यांतला तपशील बहुतेक वेळा टिकतो आणि प्रिंट करताना बाहेर काढता येतो. कृष्णधवल रोल असेल तर धुण्याची (डेव्हलप करण्याची) वेळ थोडी कमी करायची. सावलीला मात्र कॅमेऱ्यातच प्रकाश मिळाला नाही, तर फिल्मचा तो भाग कोराच राहतो. डार्करूममध्ये कितीही कष्ट घ्या, तो चेहरा येणार नाही. माझा आग्रह आहे तो एवढ्याचसाठी.

स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं तिला, हे चालत नाही. तिथे उलट: उजळ भाग आधी सांभाळायचा, कारण तो एकदा गेला की पारदर्शक फिल्मच उरते.

रात्री इंदुरातल्या कृष्णपुरा छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, ट्रायपॉड लावाल तेव्हा आणखी एक गोष्ट पाहा. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म सुस्तावते, म्हणजे मीटर सांगतं त्याहून जास्त वेळ मागते. इल्फर्डच्या एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मवर मीटर १० सेकंद म्हणत असेल, तर कंपनीच्या सूत्राप्रमाणे सुमारे २० सेकंद द्यावे लागतात.

आणि सावलीला थोडा जास्त प्रकाश मिळावा म्हणून ४०० चा रोल कॅमेऱ्यात २०० वर लावला असेल (मग मीटर एक स्टॉप जास्त प्रकाश मागतं), तर लॅबमध्ये देताना ‘नेहमीसारखाच धुवा’ असं स्पष्ट सांगा. डब्यावर २०० लिहिलेलं पाहून कुणी धुण्याची वेळ आपणहून कमी केली, तर तुम्ही सावलीला दिलेल्या प्रकाशातला थोडा हिस्सा तिथे वाया जातो.